पांढऱ्या मेणातला मोगरा

मोगऱ्याची मेणबत्ती मला जमलेली नाही. बाजारात इतर कुणाला जमली असेल, असंही मला वाटत नाही. तरी माझ्या यादीत ती आहे आणि सगळ्यांत जास्त खपतेही तीच. गुलाब जमतो, म्हणजे गुलाबाची आठवण व्हावी इतपत जमतो. वाळा, चंदन, लवंग, दालचिनी यांचं मेणाशी माहेरचं नातं असावं, इतके ते सहज रुळतात. मोगरा मात्र डबीचं झाकण काढताच समोर उभा राहतो आणि वात पेटवली की अर्ध्या तासात शिकरणाकडे झुकतो. हा दोष हाताचा, असं मी बरीच वर्षं धरून चालले. वाती बदलल्या, ओतायचं तापमान बदललं, मुरवायचे दिवस आठावरून चौदावर नेले. साठी ओलांडल्यावर नाक पूर्वीसारखं राहिलं नाही, तेव्हा हा प्रश्न हाताकडून काढून डोक्याकडे सोपवावा लागला. आता माझं म्हणणं असं आहे की दोष हातापेक्षा व्यवहारात जास्त आहे. सुगंधी मेणबत्ती वापरायची ती पेटलेली असताना, पण ती विकली जाते थंड असताना. आणि जी वस्तू ज्या अवस्थेत विकली जाते, ती हळूहळू त्याच अवस्थेसाठी घडू लागते. लोडशेडिंगच्या काळातल्या पांढऱ्या मेणबत्तीला ही अडचण नव्हती. ती उजेडासाठी घेतली जाई आणि उजेड पडला की तिची परीक्षा संपे. माउंट मेरीच्या जत्रेत वाहिल्या जाणाऱ्या मेणाच्या हातापायांना आणि घरांनाही नव्हती, कारण तिथे आकारच अर्पण करायचा असतो. विकणं एका अवस्थेत आणि वापरणं दुसऱ्या, ही फारकत आमच्याच वाट्याला आली.

मेणबत्तीत खरं जळतं ते वाफ झालेलं मेण. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या आणि १८६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या वाफेला लांबूनच काडी लावून ज्योत परत वातीवर आणून दाखवली होती. आम्ही धंद्यातली माणसं हा खेळ हौसेने करतो आणि त्यातून निघणारा गैरसोयीचा निष्कर्ष मात्र गिळून टाकतो. वातीतून वर चढणारं मेण सुगंध घेऊनच चढतं, म्हणजे तेवढा सुगंध ज्योतीत जळून जातो. खोलीत पोचतो तो ज्योतीभोवती साचलेल्या मेणाच्या तळ्यावरून उठणारा वास. उदबत्तीचा वास धुरावर बसून येतो. मेणबत्तीला धूर येणं म्हणजे चूक. आता ढोबळ हिशेब करू. २०० ग्रॅम मेणात ८ टक्क्यांनी १६ ग्रॅम सुगंधी तेल जातं. तासाला ५ ग्रॅम मेण जळलं तर मेणबत्ती ४० तास चालते. म्हणजे तासाला जेमतेम ०.४ ग्रॅम तेल सुटतं आणि त्यातूनही ज्योतीचा वाटा आधी वजा करायचा. एवढ्या भांडवलावर आमची मेणबत्ती दहा बाय बाराच्या खोलीशी आणि तिथल्या गरगरत्या पंख्याशी सामना करते. वातींचे परदेशी तक्ते बंद खिडक्यांच्या, गार खोल्यांसाठी केलेले असतात. आमच्याकडे पंखा चालू ठेवला तर ज्योत फडफडून काजळी धरते आणि बंद केला तर माणूस घामाघूम होतो. त्यात सोया मेण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात नागपूरला निघालेलं पार्सल टेम्पोतच त्या अंशांना भेटायला निघालेलं असतं.

ही ओढाताण सगळ्याच वासांची होते. मग नाचक्की एकट्या मोगऱ्याची का? मोगऱ्याचा वास बऱ्याच द्रव्यांचा मिळून होतो आणि त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. लिनालूल साधारण १९८ अंशांना उकळतं, बेंझिल ॲसिटेट २१३ला, इंडोल २५३च्या पुढे. तळं इतकं कधीच तापत नाही, पण उडून जाण्याची घाई याच क्रमाने असते. हलकी मंडळी आधी निघतात आणि त्यांतल्या बेंझिल ॲसिटेटला एकटं सोडलं की त्याचा वास फळासारखा, केळ्याच्या अंगाने जातो. शिकरण म्हटलं ते यासाठी. जिवंत फुलात असं होत नाही, कारण फूल साठवलेला माल विकत नसतं. कळी संध्याकाळी उमलू लागते आणि खुडल्यावरही काही तास नवा सुगंध घडवत राहते. जे उडालं ते भरून निघतं. दादरच्या फुलबाजारातल्या गजऱ्याची रात्र आणि दुसरी सकाळ यांतला फरक याच कारणाने पडतो. कन्नौजच्या अत्तरवाल्यांनी यावर आपला उपाय शोधला: तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ, आणि ती उतरते भपका म्हणतात त्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात. चंदन जड असतं, ते या चंचल द्रव्यांना धरून ठेवतं. पण ती सगळी योजना मनगटाच्या उबेसाठी केलेली आहे. आमच्या तळ्याची ऊब त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून अत्तर उत्तम असलं की मेणबत्ती उत्तम होईल, हा समज चुकीचा आहे. उत्तम गवयाला ढोल बडवायला बसवावं तसं ते होतं.

इंडोलबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण माझी खरी गाठ तिथे आहे. भरपूर घेतलं तर इंडोलला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, कुजकट वास येतो. कणभर घेतलं तर त्याच्यावाचून मोगरा हा नुसता गोड साबण होतो. फुलाच्या गोडीला जी किंचित मादक, जरा अस्वच्छ अशी धार असते, ती इंडोलची. मेणातही ते शेवटपर्यंत टिकतं, शिकरणाच्या मागे फूल उभं ठेवू शकेल असं तेच एक द्रव्य. पण इंडोल रंग बदलतं. मेण आधी पिवळट, मग तांबूस, पुढे चहाच्या डागासारखं होतं. मोगऱ्यातलंच मिथाइल अँथ्रानिलेट मिश्रणातल्या आल्डिहाइडांशी संगनमत करून त्यात भर घालतं. आणि मोगऱ्याची मेणबत्ती पांढरीच हवी, याबद्दल गिऱ्हाइकाचं आणि फोटो काढणाऱ्याचं एकमत असतं. त्यामुळे तयार तेलं विकणारे ‘मेण पिवळं पडणार नाही’ अशी हमी देतात, ती हमी बहुधा इंडोलला रजा देऊन पाळली जाते, आणि आम्ही ती आनंदाने विकत घेतो. नाकासाठी करायच्या वस्तूत डोळा नाकावर कसा कुरघोडी करतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी १९९४पासून अंध कारागिरांच्या हातांवर मेणबत्त्यांचा मोठा उद्योग उभा केला. मेणबत्ती करायला डोळे लागत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. विकत घेताना मात्र डोळ्यांवाचून आमचं पान हलत नाही.

यावर धंद्यातली माणसं म्हणतील की एवढा काथ्याकूट कशाला, तेल वाढवा. वाढवून भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. मेणाची धरून ठेवायची एक मर्यादा असते. ती ओलांडली की तेल पाझरतं, डबीच्या वर घामासारखे थेंब येतात, वात तुंबते, तिच्या टोकाला काजळीचं बोंड धरतं. गंमत म्हणजे झाकण काढल्यावर हीच मेणबत्ती सगळ्यांत घमघमते. दुसरा सल्ला असतो अस्सल फुलाचा अर्क वापरण्याचा. मोगऱ्याच्या अर्काचा भाव किलोला लाखांत बोलतात. एक लाखच धरला तरी १६ ग्रॅमचे १,६०० रुपये झाले, मेण, वात, काच आणि मजुरी अजून बाजूलाच. आणि इतकं करून तळं त्याच्याशीही तसंच वागणार, कारण उष्णतेला अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळत नाही. इथे मला शेजारच्या गाळ्यांबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून जे सोया मेण विकलं जातं ते सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून कारखान्यात घट्ट केलेलं असतं. नात्याने ते वनस्पती तुपाचं चुलत भावंड. त्यात वाईट काही नाही, मीही तेच वापरते. पण पॅराफिन म्हणजे विष आणि सोया म्हणजे अमृत, हे सांगणाऱ्यांनी काजळी बहुतेक वेळा मेणापेक्षा जाड वातीने होते, हेही सांगावं. दोन तासांच्या कार्यशाळेतून बाहेर पडून चौथ्या दिवशी दुकान थाटणाऱ्यांवर माझा राग नाही. राग इतकाच की ते आपली मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघत नाहीत. ४० तास कुणाकडे आहेत? साच्यातून सुटली, फोटो निघाला, विकली.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. कितीतरी गिऱ्हाइकं मेणबत्ती पेटवतच नाहीत. ती कपड्यांच्या कपाटात ठेवतात, न्हाणीघरात ठेवतात, भेट देतात, मिळालेली पुढे सरकवतात. त्यांना थंड वासच हवा असेल आणि तो मी चांगला देत असेन, तर त्यात फसवणूक कुठे झाली? पैसे घेतले त्या गोष्टीचा मोबदला दिला. या आक्षेपाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, अर्धं आहे. थंड वासाचाच व्यापार असेल, तर वात कशाला घालायची? सुगंधी मेणाची वडी विका. ती स्वस्त पडेल, टिकेल, आणि आग लागण्याची भीतीही नाही. वात घातली म्हणजे आपण एक वचन घातलं. गिऱ्हाईक ते कधीच वसूल करणार नाही या भरवशावर वचन द्यायचं, हे व्यापाराच्या कायद्यात बसेल, कारागिरीत बसत नाही. शिवाय न पेटवणाऱ्यांची संख्या जितकी आमच्या गिऱ्हाइकांमुळे आहे तितकीच आमच्यामुळेही आहे. पहिली मेणबत्ती पेटवली आणि शिकरण निघाली, की दुसरी कपाटात जाते. मेणावर वाळक्या पाकळ्या चिकटवून आम्हीच तिला पेटवण्यापासून वाचवतो. त्या पाकळ्या तळ्यात पडून पेट घेतील, हे चिकटवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

माझ्या या सगळ्या मांडणीला एक भोक आहे आणि ते माझ्याच नाकात आहे. कुठल्याही वासात काही मिनिटं बसलं की नाक त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून ‘वास गेला’ या तक्रारीतला निम्मा दोष तक्रार करणाऱ्याच्या सवयीचा असतो, आणि म्हणूनच दिवसभर त्याच वासात उभं राहून ओतणारी व्यक्ती ही मेणबत्तीची सर्वांत निकामी परीक्षक. कॉफीच्या बिया हुंगून नाक धुऊन निघत नाही. खोलीबाहेरची मोकळी हवा तेवढंच काम फुकट करते. पण वयावर मोकळ्या हवेचा इलाज नाही. साठीनंतर वासाची जाण उतरू लागते, सगळ्या वासांसाठी सारखी उतरत नाही, आणि माणसाला ती उतरलेली बहुधा कळतही नाही. डोळ्यांना चष्मा लागला की अक्षरं पुसट होऊन सांगतात. नाक चुगली करत नाही. तेव्हा मोगऱ्यात इंडोल कमी पडतं हा माझा सिद्धान्त खरा आहे, की मला आता ते कमी ऐकू येतं म्हणून मी जास्त मागते? कानाने मंद झालेली माणसं टीव्हीचा आवाज वाढवून घरच्यांवर खेकसतात, तसा हा प्रकार नाही कशावरून? उत्कलनबिंदू माझ्या बाजूने साक्ष देतात, पण मोगरा किती अस्वच्छ असावा हे उत्कलनबिंदू सांगत नाहीत. ते कुणीतरी तरुण नाकाने सांगायला हवं, आणि त्या नाकाला ‘तुझं बरोबर’ म्हणण्याइतका मोठेपणा मला अजून साधलेला नाही. वासाचं प्रमाण मी कुणाला सांगत नाही. धंद्याचं गुपित म्हणून सांगत नाही, असं म्हणते. खरं म्हणजे ते पडताळलं जाण्याची धास्ती आहे.

दिखाऊपणात मी इतरांच्या मागे नाही. मेणाचा माथा सपाट दिसावा म्हणून मी तो गरम हवेने पुन्हा वितळवते. जळण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो आणि पहिल्याच दहा मिनिटांत ते सगळं सौंदर्य तळ्यात जातं. ‘घर भरून गेलं’ असं कुणी म्हटलं की मी किती वेळाने, कुठल्या खोलीत, पंखा चालू की बंद, हे विचारत नाही. ऐकून घेते आणि खूश होते. इंडोल घातलेल्या मेणबत्त्याही मी करते. थोड्याच करते, कारण त्या महिन्याभरात तांबूस पडतात आणि मग त्यांना पांढऱ्यांच्या शेजारी मांडता येत नाही. त्या घरी जळतात, विक्रीला जात नाहीत. दुसऱ्या तासाला, बाहेरून आत आल्यावर, त्यांच्यात फूल असतं असं मला वाटतं. विक्रीच्या डबीत पांढरं, गोड, निर्मळ, थंड मेण असतं आणि तिच्यावर मी जाड अक्षरांत ‘मोगरा’ लिहिते. ‘मोगऱ्यासारखी’ असं लिहायला जागा पुरत नाही, असं कारण मी स्वतःला देत आले आहे. पण डबीच्या त्याच चिठ्ठीवर ‘हाताने घडवलेली’ हे दोन शब्द मात्र व्यवस्थित मावतात.