आतला कोन

उंची घड्याळ विकणाऱ्याच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. हे घड्याळ हातांनी घडवलंय, आणि यातलं मशीन कंपनीने स्वतःच्याच कारखान्यात बनवलंय. जाहिरातीतलं चित्रही ठरलेलं: पांढरा कोट घातलेला कारागीर, डोळ्याला भिंग, चिमट्यात चिमुकलं चाक, खिडकीबाहेर बर्फ. घड्याळं उघडून दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, आणि झाकण काढल्यावर आत जे दिसतं ते या चित्राशी क्वचितच जुळतं. आत असतं तेही थोरच असतं, पण ते वेगळ्या जातीचं असतं. यंत्राच्या कामावर हाताचा शिक्का मारला की गिऱ्हाइकाच्या खिशाला झळ बसते हे खरं, पण मला जास्त काळजी वाटते ती अजूनही खरोखर हाताने काम करणाऱ्या मोजक्या माणसांची. त्यांच्या मेहनतीची किंमत दुसराच कुणी वसूल करतो.

स्वतःच्या कारखान्याचा दावा आधी घेतो, कारण तो तपासायला सोपा आहे. ओदमार पिगेने १९७२ साली ‘रॉयल ओक’ आणलं, पाटेक फिलिपने १९७६ साली ‘नॉटिलस’, व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनने १९७७ साली ‘२२२’. सोन्याच्या भावाने स्टीलचं घड्याळ विकता येतं हे या तिघांनी दाखवून दिलं. तिन्हींची झाकणं उघडली तर आत एकाच कुळातलं मशीन सापडतं: जेगर-लकूल्त्रने १९६७ मध्ये तयार केलेलं ‘कॅलिबर ९२०’. तारखेची चकती नसेल तर त्याची जाडी अवघी २.४५ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत मनगटाच्या हालचालीने पूर्ण गोल फिरून चावी देणारा रोटर बसवायचा, तर त्याचा भार नुसत्या मधल्या आसावर टाकून चालत नाही. म्हणून त्याच्या कडेला एक कडं दिलं आहे आणि ते माणकाच्या चार बारीक रोलरांवरून सरकतं. ते फिरताना पाहिलं की हात आपोआप थांबतो. ज्या कंपनीने हे मशीन बनवलं, तिने ते स्वतःच्या नावाच्या घड्याळात कधी बसवलं नाही. पाटेक फिलिपच्या हाताने चावी द्यायच्या क्रोनोग्राफमध्येही, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांतही, कित्येक दशकं आधी व्हालज्यूचा आणि पुढे लेमानियाचा सांगाडा असे. रोलेक्सच्या ‘डेटोना’त १९८८ ते २००० या काळात झेनिथचं ‘एल प्रिमेरो’ होतं. रोलेक्सने त्यात भरपूर फेरफार केले, तासाला ३६,००० ठोक्यांचा वेग २८,८०० वर आणला, पण पाया झेनिथचाच राहिला. आज लिलावात ज्यांच्यासाठी झुंबड उडते, त्यांतली कितीतरी घड्याळं अशी बाहेरच्या मशीनची आहेत.

यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, कारण स्विस घड्याळधंदा उभाच राहिला तो कामाच्या वाटणीवर. जुराच्या डोंगरात एक घर चाकं कापायचं, दुसरं स्प्रिंग करायचं, तिसरं डायल रंगवायचं, आणि शेवटी एक व्यापारी सगळं जुळवून त्यावर आपलं नाव घालायचा. कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथात श्रमविभागणीचं उदाहरण म्हणून घड्याळधंदाच घेतला, त्यातल्या वेगवेगळ्या कारागिरांची लांबलचक यादी दिली आणि ला शो-द-फाँ हे सबंध गावच एक कारखाना असल्याचं म्हटलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत जपून ठेवलेली ‘वेस्ट एंड’ची घड्याळं याच रीतीची. डायलवर मुंबईत पेढी असलेल्या कंपनीचं नाव, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कितीतरी घड्याळांत आत लाँजिनचं मशीन. आपण फसलो असं ते वापरणाऱ्याला कधी वाटलं नाही, कारण सगळं एकाच छपराखाली बनतं असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दावा पुढे आला आणि मग त्याला खोटेपणाची जोड लागली. २००९ च्या अखेरीस टॅग ह्यूअरने ‘कॅलिबर १८८७’ घरचं मशीन म्हणून जाहीर केलं. मूळ आराखडा जपानच्या सेइकोचा आहे हे जाणकारांनी दाखवून दिल्यावर त्याचे हक्क विकत घेतल्याचं कंपनीने मान्य केलं. मशीन उत्तम होतं. सेइकोचं नाव पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर त्याची किंमत रुपयानेही उतरायला नको होती.

हातकामाचा दावा जास्त अवघड, कारण तो अर्धा खरा असतो. उंची घड्याळाची जुळणी माणसाच्या हातांनी होते हे बरोबर आहे. पण बंगळूरच्या कारखान्यात एचएमटीच्या ‘जनता’ची जुळणीही हातांनीच व्हायची. तेव्हा नुसत्या जुळणीने लाखो रुपयांचा हिशेब लागत नाही. सुटे भाग कुणी कापले आणि कुणी घासले, हे विचारायला हवं. आज चाकांना खालून-वरून धरणाऱ्या प्लेट आणि ब्रिज संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं कापतात, पोलादी लिव्हर विजेच्या ठिणग्या टाकणाऱ्या बारीक तारेने कापले जातात, स्क्रू आणि पिनियन स्वयंचलित लेथवरून उतरतात. हे कालपरवाचंही नाही. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमच्या अमेरिकी कारखान्याचं काम पाहून स्विस मंडळी हादरली. लाँजिनच्या जाक दाविदने परत येऊन आपल्या लोकांना यंत्रं आणा म्हणून बजावलं, आणि त्यांनी ती आणली, म्हणूनच तो धंदा टिकला.

मग हात दिसतो कुठे? ब्रिजच्या कडेला साधारण ४५ अंशांचा उतार देऊन तो आरशासारखा चमकवतात. हिऱ्याच्या टोकाचं कटर हा उतार एका फेरीत काढून देतं, आणि दुकानातल्या दिव्याखाली तो झगझगतोही. भिंग लावलं की त्यावर समांतर बारीक रेघा दिसतात आणि पट्टीची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत केसभरही बदलत नाही. कटर गोल फिरणारं असतं, त्यामुळे दोन उतार जिथे आतल्या बाजूला एकमेकांना भेटतात तिथे कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई मागे राहते. तो आतला कोन टोकदार करायचा तर कानस हातात घ्यावी लागते, तिच्यानंतर बारीक दगड, आणि शेवटी जेन्शियन या डोंगरी झाडाची वाळलेली काडी हिऱ्याच्या पेस्टमध्ये बुडवून, तिचं टोक पुन्हा पुन्हा तासत. दोन्ही उतार एका रेषेत मिळायला हवेत. हात जरा घसरला की ती रेष वितळल्यासारखी होते आणि तो भाग वाया जातो. स्विस घड्याळजी फिलिप दुफूरच्या ‘सिम्प्लिसिटी’ या घड्याळाची छायाचित्रं जगभरचे घड्याळजी डोळ्यांजवळ धरून पाहतात ती अशा कडांसाठी. त्याच्या शेजारी, हातकामाच्या नावाने विकली जाणारी अनेक महागडी मशीनं ठेवून पाहावीत. त्यांच्या ब्रिजचा आराखडाच असा केलेला असतो की आतला कोन कुठे येऊच नये. यंत्राला जमत नाही ते नकाशातूनच गाळायचं आणि माहितीपत्रकात मात्र कारागिराचा फोटो छापायचा, हे मला पटत नाही.

यावर सरळ आक्षेप असा की यंत्र हातापेक्षा अचूक आहे, मग हाताचा हट्ट कशाला? आक्षेप बरोबर आहे. मायक्रॉनमध्ये मोजायचं काम यंत्रानेच करावं, आणि तसं सांगावं. सांगितल्याने काही बिघडत नाही हे स्वॅचने २०१३ मध्ये दाखवलं. ‘सिस्टेम ५१’ हे ५१ भागांचं यांत्रिक घड्याळ, त्याची जुळणी पूर्णपणे यंत्रांनी होते, आणि हीच गोष्ट कंपनीने अभिमानाने जाहिरातीत मांडली. दुसऱ्या टोकाला ग्रूबेल फोर्सीचं २०१९ चं ‘हँड मेड १’. त्याचं ९५ टक्के काम हाताने चालवायच्या अवजारांवर झालं, एका घड्याळाला सुमारे ६,००० तास लागले, आणि मेनस्प्रिंग, माणकं, काच असे कोणते भाग या हिशेबात नाहीत हेही त्यांनी सांगून टाकलं. खरं हातकाम किती वेळ खातं याचं हे माप आपल्यापुढे आहे. वर्षाला हजारोंनी घड्याळं काढणारी कंपनी हेच विशेषण स्वतःला लावते, तेव्हा साध्या गुणाकारानेही ते बसत नाही.

अशा कथांनीच हा धंदा वाचवला, हा दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत १९७० नंतरच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातल्या दर तीन नोकऱ्यांपैकी सुमारे दोन गेल्या. त्या राखेतून यांत्रिक घड्याळ वर आलं ते कथांच्या बळावर. ब्लांपां ही जुनी कंपनी तेव्हा नुसत्या नावापुरती, निद्रिस्त होती. जाँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ते नाव विकत घेतलं, व्हिलरे हे मूळ गाव सोडून ल ब्रासूला नव्याने काम मांडलं, आणि १७३५ पासून आम्ही क्वार्ट्झ घड्याळ केलेलं नाही, यापुढेही करणार नाही, अशी घोषणा दिली. क्वार्ट्झपुरतं ते खरं होतं. मधला खंड मात्र त्या घोषणेत झाकला गेला. अशा घोषणांनी गिऱ्हाईक परत आणलं आणि त्या गिऱ्हाइकाच्या पैशावर कारागीर जगले, हे मी नाकारत नाही. पण बुडत्या धंद्याने जीव वाचवण्यासाठी जे केलं, त्याची सूट भरभराटीच्या दिवसांत का चालू ठेवायची? स्वप्न विकायला लपवाछपवी लागत नाही. एमबी अँड एफ ही कंपनी आपल्या प्रत्येक घड्याळामागचे कारागीर आणि पुरवठादार नावानिशी छापते, आणि तिची घड्याळं त्यामुळे स्वस्त झालेली नाहीत.

‘स्विस मेड’ हा शिक्काही अनेकांना हातकामाचं प्रमाणपत्र वाटतो. १ जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमध्ये पडावा लागतो, मशीन स्विस असावं लागतं, ते तिथेच केसमध्ये बसवून शेवटची तपासणीही तिथेच व्हावी लागते. उरलेला माल कुठून आला हे नियम विचारत नाही, आणि काम हाताने झालं की यंत्राने हे तर मुळीच नाही. याउलट क्रोनोमीटरचा, म्हणजे अचूकतेचा, दाखला रोकडा असतो: १५ दिवस, पाच स्थिती, तीन तापमानं, आणि दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत. हा दाखला मशीन केसमध्ये बसण्याआधी मिळतो ही त्याची मर्यादा. पण निदान तो मोजून दिलेला असतो.

घरच्या मशीनच्या हट्टाची खरी किंमत पुढे दुरुस्तीच्या टेबलावर कळते. ‘ईटीए २८२४’ जगभर इतकं पसरलं आहे, आणि त्याचं पेटंट संपल्यावर सेलिटासारख्या कंपन्या त्याच धर्तीची मशीनं इतकी बनवतात, की त्याचा बॅलन्स स्टाफ, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकाचा आस, तुटला तर कोल्हापूर-नाशिकच्या घड्याळजीलाही तो मागवून घेता येतो. कंपनीच्या स्वतःच्या मशीनचा भाग मात्र बहुधा फक्त कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला मिळतो. युरोपातल्या स्वतंत्र दुरुस्तीकारांच्या संघटनेने याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. ती २०१४ मध्ये फेटाळली गेली. म्हणून दुकानातल्या मखमली ट्रेसमोर बसलेल्या गिऱ्हाइकाने कारागिराच्या फोटोकडे पाहण्याआधी विचारावं, की या मशीनचे सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला विकता का, आणि किती वर्षं विकणार हे लिहून द्याल का.