कथिलाचा स्वभाव

तांब्यापितळेची भांडी ज्या घरांत नित्याच्या वापरात होती, त्या घरांत कल्हई ही चैन नव्हती. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, हे आमच्या आज्यांना कोणी शास्त्र शिकवून सांगितले नव्हते. जत्रेपूर्वी देवस्थानची तपेली कल्हईवाल्यापुढे येत, भाता फुंकला जाई, तापल्या धातूवर नवसागराची चिमूट पडताच पांढरा धूर उठे, आणि कथिलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरला की भांड्याचे पोट उजळून निघे. पितळी समयांसाठी नावाजलेल्या डिचोलीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला कथिल हा धातू परका वाटत नाही.

सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडणे हा माझा व्यवसाय. आणि त्याला मी कल्हईची धाकटी बहीण समजतो. कथिल तेच आहे. तापलेल्या तांब्यावरचा मळ काढण्याचे जे काम तेथे नवसागर करतो, ते येथे राळ करते. मात्र ही बहीण फार नाजूक! नवसागराचा अथवा आम्लाचा अंश बोर्डावर राहिला, तर आपल्या पावसाळ्यातील दमट हवेत तो तांब्याच्या केसाएवढ्या रेषा महिन्या-दोन महिन्यांत हिरव्या करून खाऊन टाकतो. म्हणून पत्र्याच्या डब्यांना डाग देण्याची पेस्ट बोर्डाजवळ येऊ देऊ नये.

पेडण्याकडचा एक तरुण काही काळ माझ्यापाशी शिकत होता. त्याच्याच तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी वसाहत आखली गेली, तेव्हापासून त्याच्या मनाने हे काम घेतले होते. आईने बचत गटातून कर्ज काढून त्याच्या हाती दुकानासाठी रक्कम ठेवली. ती बुडाली तर हप्ते त्या माउलीच्या माथी बसणार होते. तो यादी घेऊन आला. तीत मोबाइलसाठी गरम हवेचे यंत्र होते, चकचकीत फलक होता, आणि सोल्डरिंगसाठी तीन स्वस्त आयर्न होते.

‘‘काका, एक बिघडला तर दुसरा असावा,’’ तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, ‘‘बाबा, तीन घेतलेस तरी तिघांचा दोष एकच. त्यांच्या उष्णतेवर अंकुश नाही. रिकामे असता ते भलतेच तापतात आणि बिट जाळतात. तांब्याचा मोठा पट्टा समोर आला की गारठतात. टोकाजवळ तापमान मोजून हवी तेवढीच वीज देणारे एक स्टेशन घे.’’

आकडे ध्यानात घेतले तर हे पटावे. त्रेसष्ट भाग कथिल व सदतीस भाग शिसे यांचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध घातले. भारतातही २०१२ मध्ये अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी त्याला मर्यादा घातली. बिनशिशाचे, तांबे व चांदीचा अंश असलेले सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यात कथिल जास्त, म्हणून बिटची झीजही जास्त. बिट आतून तांब्याचा असतो आणि त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो मुलामा गेला की वितळलेले कथिल आतले तांबे विरघळवू लागते. म्हणून काळवंडलेल्या बिटला कानस किंवा पॉलिशपेपर कधी लावू नये. ओलसर, पण पाणी न गळणाऱ्या स्पंजावर किंवा पितळी तारांच्या चोथ्यात तो पुसावा, आणि वीज बंद करण्यापूर्वी त्याच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब ठेवावा. ही बिटचीच कल्हई होय. तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंगही हवेच. जुन्या घरात दुकान थाटणाऱ्याने ते आधी तपासून घ्यावे.

त्याच्या यादीत जे नव्हतेच, ते मी आग्रहाने लिहावयास लावले: धूर ओढून घेणारा, कोळशाच्या गाळणीचा पंखा. राळेचा धूर सुगंधी असतो. धूपारतीला सरावलेल्या आपल्या नाकाला तो परका वाटत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे. वर्षानुवर्षे तो छातीत गेला की काहींना दमा जडतो. माझ्या परिचयाच्या एका निष्णात कारागिराला याच धुरापायी हातातली कला सोडावी लागली. शिशाची गोष्ट निराळी. या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ होत नाही. ते बोटांवरून पेजेच्या वाटीत उतरते. म्हणून खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे हे सोवळे या धंद्यात मुळीच सैल करू नये.

त्याला माझे म्हणणे प्रथम रुचले नाही. गिऱ्हाईक फलक पाहून येते, पंखा पाहून नव्हे, हा त्याचा युक्तिवाद खोटाही नव्हता. दोन दिवस विचार करून त्याने स्टेशन व पंखा घेतला. फलक हाताने रंगवला, गरम हवेचे यंत्र पुढल्या वर्षावर टाकले. पहिला पावसाळा जड गेला. परंतु दुरुस्त करून दिलेला पाण्याच्या पंपाचा बोर्ड परत आला नाही, ही वार्ता गावात फलकाहून लवकर पसरली. आईचे हप्ते वेळेवर गेले.

गेल्या चतुर्थीला तो भेटावयास आला. हल्ली त्याच्याकडे दोन मुले शिकावयास येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हाती आयर्न देत नाही, असे त्याने सांगितले. आधी पंख्याची गाळणी उघडून ती किती चिकट झाली आहे, हे दाखवतो.