सत्तावीस फुटांवरून बावीस फुटांवर

बोट दिली असं सांगितलं की लोक अभिनंदन करतात. अमेरिकेत यावर एक घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. बोटवाल्याच्या आयुष्यात आनंदाचे दिवस दोनच, बोट घेतली तो आणि बोट विकली तो. गेल्या दोन महिन्यांत हा विनोद मला निदान पंधरा जणांनी ऐकवलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की मी पहिल्यांदाच ऐकतोय. मीही हसतो. पण खरं सांगू का मंडळी, माझं गणित त्यात बसत नाही. एक तर मी बोट विकलेली नाही, बदललीये. जुनी २७ फुटी देऊन २२ फुटी घेतली. आणि आनंद झाला की वाईट वाटलं, हे अजून माझं मलाच नीट कळलेलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'यॉट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला व्हिलन येतो. पांढरे बूट, हातात ग्लास, मागे पोहण्याचा तलाव. आमची बोट तशी नव्हती. १९७८ साली बनलेली कॅटलिना २७, शिडाची. मी आणि माझा रूममेट, दोघांनी मिळून २०२१ मध्ये साडेतीन हजार डॉलरला घेतली. त्या वर्षी त्याने घेतलेली सेकंडहँड कार याहून महाग होती. आमच्यापेक्षा ती वीसेक वर्षांनी मोठी, म्हणून तिचं नाव पडलं 'म्हातारी'. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण बोटीचं नाव बदलणं अशुभ मानतात, त्यामुळे ते तसंच ठेवलं. मास्टर्स केलेले दोन इंजिनियर, पण अशा वेळी उगाच रिस्क कशाला घ्या!

कॅटलिना २७ म्हणजे शिडाच्या बोटींमधली बजाज चेतक. फ्रँक बटलर नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात ती १९७१ च्या सुमारास बनवायला घेतली, आणि पुढच्या वीस वर्षांत साडेसहा हजारांवर बोटी निघाल्या. मध्यमवर्गाला परवडावी, शनिवार-रविवार घरच्यांना घेऊन जाता यावं, एवढाच हिशोब. वजन तीन टनांच्या आसपास, त्यातलं बाराशे किलोच्या वर नुसतं शिसं, तळाला कीलमध्ये. हे शिसं असतं म्हणून वाऱ्याने बोट कितीही कलली तरी परत उभी राहते. पहिल्यांदा ती कलली तेव्हा हे सगळं फिजिक्स मला तोंडपाठ होतं. तरीही मी दोन्ही हातांनी रेलिंग धरून बसलो होतो. फॉर्म्युला आणि पोट यांचा काही संबंध नसतो.

शिकलो आम्ही बर्कलीच्या कॅल सेलिंग क्लबमध्ये. तो क्लब स्वयंसेवकच चालवतात, फी अगदी कमी, आणि शिकवणारे सगळे तिथेच शिकलेले. पण वारं म्हणजे काय हे मला खरं कळलं ते म्हातारीवर.

शाळेत भूगोलात 'खारे वारे आणि मतलई वारे' हा प्रश्न दोन मार्कांना असायचा. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची थंड हवा आत येते. लिहा आणि विसरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तोच प्रश्न उन्हाळ्यात रोज दुपारी अंगावर येतो. आतली सेंट्रल व्हॅली चाळीस अंशांपर्यंत तापते, बाहेर पॅसिफिकचं पाणी थंडगार, आणि मधल्या डोंगररांगेत समुद्रसपाटीला मोठं भगदाड एकच, गोल्डन गेट. सगळी थंड हवा तिथून आत घुसते. दुपारी दोननंतर वीस ते पंचवीस नॉट्स वारं, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि अल्काट्राझला वळसा घालून ते सरळ बर्कलीच्या दिशेने. पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेला आम्ही पटेल स्टोअरमधून नारळ आणून खाडीत सोडला. कोकणात त्यानंतर दर्या शांत होतो म्हणतात. आमच्याकडे त्याच दुपारी पुढचं शीड टरकन् फाटलं. दर्याला बहुधा मराठी येत नसावं.

असो. हे सगळं इतकं सांगायचं कारण, म्हातारी म्हणजे माझ्या इथल्या पहिल्या वर्षांचा हिशोब आहे. ओपीटीवर नोकरी शोधत होतो, लॉटरीत व्हिसा लागत नव्हता, कोड रिव्ह्यूमध्ये रोज अक्कल काढली जात होती. शनिवारी बोटीवर गेलं की तिथे प्रश्न वेगळे आणि सरळ असायचे. दोर सुटलाय, बांध. पाणी आलंय, उपस. वारं वाढलंय, शीड आखूड कर. आठवडाभर 'हे कोणासाठी करतोय' असा प्रश्न पडायचा, तो दोर हातात असताना कधी पडला नाही.

आणि मग २०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले.

माझे आजोबा तांडेल होते. शिडाच्या मचव्यावर. मंगळुरी कौलं, मीठ, असा माल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, मचव्याचा धंदा बसला. आजोबांनी त्यातला आपला वाटा विकला आणि गावात छोटं दुकान टाकलं. बाबांना त्यांनी समुद्रावर जाऊच दिलं नाही. शिकवलं, सरकारी नोकरीला लावलं. बाबा आयुष्यभर बांधकाम खात्यात फायली हलवत राहिले. घरात समुद्राचा विषय निघायचा तो फक्त मासळीच्या भावापुरता.

त्या दिवशी आम्ही एंजल आयलंडच्या बाजूला चाललो होतो. १९१० ते १९४० या काळात याच बेटावर आशियातून आलेल्या लोकांना कागदपत्रांसाठी अडकवून ठेवायचे, हे मी व्हिसाच्या जखमेवर मीठ चोळत बाबांना सांगत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. ते शिडाच्या कडेकडे बघत होते. मग म्हणाले, "दे जरा." टिलर उलटा चालतो, उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. नवीन माणूस हमखास गोंधळतो. मी सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण त्यांना सांगायची गरजच नव्हती. लहानपणी खाडीत होडी चालवलेली होती म्हणे. मला तोपर्यंत माहीत नव्हतं! दोन तास त्यांनी टिलर सोडला नाही. आई मागून ओरडत होती, "अहो, त्याला द्या आता." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सरकारी नोकरीतला अनुभव असा कामाला येतो.

आता म्हणाल, एवढं सगळं असताना बोट दिलीच कशाला?

कारणं सरळ आहेत. सहमालक मित्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुण्याला कायमचा परतला. धक्क्याचं भाडं, विमा, तळाला रंग, पाणबुड्याकडून साफसफाई, हे सगळं माझ्या एकट्यावर आलं. मला सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला नोकरी मिळाली. बर्कलीपासून दोन तास, ट्रॅफिक असला तर विचारू नका. आणि आता घरात बाळ येणार आहे. यातली दोन कारणं असती तर मी निभावलं असतं. सगळी एकदम आली.

त्यात कीलचे बोल्ट. त्या काळातल्या कॅटलिना २७ मध्ये शिसं धरून ठेवणारे बोल्ट साध्या पोलादाचे असायचे, आणि खारं पाणी त्यांना हळूहळू खातं. कील आणि बोटीच्या सांध्यात पुढच्या बाजूला चीर पडते, तिला 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. म्हातारी हसायला लागली होती. जुन्या बोल्टांच्या बाजूला नवे स्टेनलेस बोल्ट टाकता येतात, पण त्यासाठी वेळ, जागा आणि हात हवेत. माझ्याकडे दोन तासांच्या अंतरावर बसून काळजी करण्यापलीकडे काही नव्हतं.

आणि बिनमालकाच्या बोटीचं काय होतं ते मी धक्क्यावर रोज बघत होतो. लाकडाचा मचवा निदान कुजून मातीला मिळतो. फायबरग्लास कुजत नाही. शिडं फाटतात, आत पाणी साठतं, शेवाळं चढतं, भाडं थकतं. शेवटी कॅलिफोर्नियात सरकारी योजनेत अशी बोट फुकट सोपवता येते, आणि ती तोडून कचऱ्यात जाते. प्रेमापोटी बोट न विकणारे लोकच तिला त्या रांगेत नेऊन उभे करतात. दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत. मला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर कॉलेजचे प्रोजेक्ट अजून पडलेले आहेत.

तर योग असा आला की वालेहोचा एक रिटायर्ड मेकॅनिक भेटला. त्याच्याकडे ट्रेलरवरची कॅटलिना २२ होती, त्याला आता नातवंडांसकट रात्री झोपता येईल अशी मोठी बोट हवी होती. मी चीर दाखवली, फोटो दाखवले, सर्व्हेचा रिपोर्ट दिला. त्याने खाली वाकून बोल्टांवर हातोडीने टकटक केली, आवाज ऐकला आणि म्हणाला, महिनाभराचं काम. ज्या गोष्टीने माझी झोप उडाली होती, ती त्याच्या दृष्टीने रिटायरमेंटमधला विरंगुळा होता! तिथेच माझं ठरलं. थोडे पैसे त्याने वर दिले, आणि अदलाबदल झाली.

नवी बोटसुद्धा बटलरचीच, पण जात वेगळी. सगळी मिळून टनभर. कील लोखंडाची, अडीचशे किलोची, आणि ती वायरने वर उचलता येते. कील वर घेतली की दोन फूट पाण्यात चालते. फॉल्समचा तलाव म्हणजे धरणाचं पाणी, पावसाळी हिवाळ्यानंतर भरलेला आणि उन्हाळ्याअखेर खाली गेलेला, तिथे हे फार सोयीचं. भाडं नाही, पाणबुड्या नाही, खारं पाणी नाही. बोट घरासमोर ट्रेलरवर उभी राहते. बायको म्हणते, पहिल्यांदाच तू बोटीवर असतानाही घरी असतोस.

सगळं शहाणपणाचं आहे. आणि तरी तलावात पहिल्यांदा शीड चढवलं तेव्हा मनात आलं की हे म्हणजे घाट सोडून सोसायटीच्या पार्किंगमध्ये बुलेट चालवणं झालं. भरती नाही, ओहोटी नाही, धुकं नाही, जहाजांचे भोंगे नाहीत. घाबरायला होत नाही. घाबरायला होत नाही याचं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. चोविसाव्या वर्षीचा मी तिकडे धक्क्यावर राहिला आणि मीच त्याचे दोर सोडून आलो, असलं काहीतरी.

बाबांना फोनवर सांगताना धाकधूक होती. त्यांनी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न, "नवीन बोटीत चढायला सोपं आहे का? माझे गुडघे गेलेत." मी म्हटलं, सोपं आहे. मग जरा थांबून आपणहून म्हणाले, "बाबांनी मचवा दिला तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे किनाऱ्यावर जाऊन वारं बघून आले. पुढे कितीतरी वर्षं बघायचे. मग येऊन दुकान उघडायचे." यापुढे त्यांनी मासळीचा भाव सांगितला.

इथे संध्याकाळी एक वारं सुटतं, डेल्टा ब्रीझ म्हणतात. गोल्डन गेटमधून दुपारी आत घुसलेली तीच समुद्राची हवा खाडी ओलांडून, नद्यांच्या मुखातून वर सरकत रात्रीपर्यंत सॅक्रामेंटोला पोचते. फॉल्समला येईस्तोवर तिच्यात फारसा जोर उरत नाही, पण दिवसभराच्या उकाड्यानंतर अंगाला कळते. दोन मार्कांच्या त्या प्रश्नात मी इतकी वर्षं समुद्राच्या टोकाला होतो, आता तापलेल्या जमिनीच्या टोकाला आलोय, एवढंच.

फोनवर वाऱ्याचं ॲप उघडलं की अजून पहिलं बर्कली दिसतं, फॉल्सम दुसरं. क्रम बदलायला दोन सेकंद लागतात. राहू दे म्हटलं.