गोठलेल्या जमिनीवरचे गोठे

याकुत्स्क शहरात पाण्याचे आणि हीटिंगचे पाइप जमिनीखाली नसतात. ते रस्त्याच्या कडेने उघड्यावर धावतात आणि आडवा रस्ता आला की सरळ वर चढून, माणसांच्या आणि गाड्यांच्या डोक्यावरून पलीकडे उतरतात. इमारतीही जमिनीला टेकलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या खाली काँक्रीटचे खांब आणि माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा. मी पोचलो ती जुलैतली दुपार होती. पारा तिशीच्या पुढे, चौकात पोरं आइस्क्रीम खात होती, आणि त्यांच्या पायाखाली दीड-दोन मीटरवर जमीन पक्की गोठलेली होती. ती गेल्या हिवाळ्यात गोठली असं नाही, हजारो वर्षांपासून गोठलेलीच आहे. घराची ऊब तिच्यापर्यंत पोचली की ती मऊ पडते, पाया खचतो, भिंतींना तडे जातात. म्हणून घर आणि जमीन यांच्यामध्ये बाराही महिने वारा खेळता ठेवायचा, हा इथल्या बांधकामाचा पहिला नियम.

हे गोठलेपण किती खोल जातं, त्याचा शोध पाण्याच्या निमित्ताने लागला. रशियन-अमेरिकन कंपनीच्या फ्योदर शेर्गिन नावाच्या कारभाऱ्याने १८२८ साली इथे विहीर खणायला घेतली. पाणी लागेना. तो खणत राहिला. १८३७ साली विहीर ११६ मीटरवर पोचली, तरी खाली गोठलेली मातीच. पाणी नाही ते नाहीच. पण १८४४ मध्ये अलेक्सांदर मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान मोजलं आणि गोठलेल्या जमिनीचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला. शेर्गिनची विहीर आजही शहरात जपून ठेवली आहे. शास्त्राच्या इतिहासात कोरड्या विहिरीला एवढा मान क्वचितच मिळाला असेल, आणि तो तिला मिळायलाच हवा.

नकाशावर या प्रदेशाचं नाव साखा प्रजासत्ताक, जुन्या सवयीचं नाव याकुतिया. क्षेत्रफळ सुमारे ३०.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा थोडंसंच कमी. माणसं मात्र जेमतेम दहा लाख, त्यातली एक तृतीयांश एकट्या याकुत्स्कमध्ये. एकाच प्रजासत्ताकात घड्याळाच्या तीन वेळा चालतात, आणि चाळीस टक्के भूभाग उत्तर ध्रुववृत्ताच्या वर आहे. वेर्खोयान्स्क या गावात १८९२ साली उणे ६७.८ अंशांची नोंद झाली. त्याच गावात २० जून २०२० रोजी पारा अधिक ३८ वर गेला. एकाच जागी इतकं अंतर पृथ्वीवर दुसरीकडे शोधून सापडणं कठीण.

अशा ठिकाणी कोणी गाई पाळेल यावर विश्वास बसत नाही. पण साखा लोकांनी पाळल्या. हे लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी बैकाल सरोवराच्या बाजूने लेना नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडे सरकले, आणि येताना घोडे आणि गाईगुरं घेऊन आले. भोवतालचे एव्हेंक आणि एव्हेन लोक रेनडियर पाळत, शिकार करत. थंडीशी जुळवून घ्यायचा तोच सोपा मार्ग होता. साखांनी तो पूर्णपणे घेतला नाही. त्यांनी गवत शोधलं. मला या साऱ्या प्रवासात सर्वांत थोर वाटलेली गोष्ट हीच. इतिहासाची पुस्तकं मात्र ती दोन ओळींत उरकून बाहेरून आलेल्यांकडे वळतात.

बाहेरून आलेल्यांना गवत नको होतं. १६३२ साली प्योत्र बेकेतोव या कोसॅक सरदाराने लेनाकाठी लाकडी गढी बांधली, दहाएक वर्षांत ती आजच्या याकुत्स्कच्या जागी हलली, आणि झारचा ‘यसाक’ सुरू झाला. यसाक म्हणजे केसाळ कातड्यांच्या रूपात द्यायचा कर. सेबल नावाच्या मुंगसाएवढ्या प्राण्याचं मऊ, काळपट कातडं त्या काळी युरोपात आणि चीनमध्ये सोन्याच्या भावाने जाई. कर चुकला की गावचा मुखिया किंवा त्याचा मुलगा गढीत ओलीस. जवळचे सेबल संपले की पुढची नदी, तिथले संपले की त्यापुढची. पॅसिफिकपर्यंतचा रशिया या हव्यासातून वाढत गेला. याकुत्स्कचा शिपाई सिम्योन देझ्न्योव १६४८ मध्ये कोलिमा नदीच्या मुखातून समुद्रात उतरला आणि आशिया-अमेरिकेमधल्या सामुद्रधुनीतून गेला. दर्यावर्दी बेरिंग तिथे पोचला त्याच्या ऐंशी वर्षं आधी. देझ्न्योवचा अहवाल याकुत्स्कच्या दप्तरखान्यात पडून राहिला. १७३६ साली तो गेरहार्ड म्युलर या इतिहासकाराच्या हाती लागला. सामुद्रधुनीला मात्र बेरिंगचंच नाव चिकटलं.

पुढे सेबल विरळ झाले, पण जमिनीकडून काढून न्यायची रीत टिकली. ती बघायला मी विमानाने पश्चिमेकडे मिरनी या हिऱ्यांच्या खाणीच्या गावी गेलो. खाणीच्या कठड्याशी उभं राहिलं की पहिल्यांदा डोळ्यांना अंदाजच येत नाही. तोंड १.२ किलोमीटर रुंद, खोली ५२५ मीटर, आणि खाली उतरत गेलेल्या वर्तुळाकार पायऱ्या, ज्यांवरून एके काळी अवजड ट्रक वरखाली करत. ही ‘मीर’ खाण. किंबरलाइट या ज्वालामुखी खडकाची उभी नळी पृथ्वीच्या पोटातून हिरे घेऊन वर आलेली असते. ती सापडली की हिरे सापडले. सायबेरियाचा हा पठारी भाग भूरचनेने दक्षिण आफ्रिकेसारखा आहे, तेव्हा इथेही हिरे असावेत, असं व्लादिमीर सोबोलेव या भूवैज्ञानिकाने आधीच मांडलं होतं.

पहिली नळी शोधली ती लेनिनग्राडच्या लारिसा पोपुगायेवा या तरुण भूवैज्ञानिक बाईंनी. किंबरलाइटबरोबर पायरोप नावाचे लालबुंद गार्नेटचे कण असतात. ओढ्याच्या वाळूत ते दिसले की प्रवाहाच्या उलट दिशेने त्यांचा माग काढायचा, ही त्यांची पद्धत. ती नताल्या सार्सादस्किख या त्यांच्या वरिष्ठ सहकारी बाईंनी बसवली होती. सोबत फ्योदर बेलिकोव हा एकच मदतनीस. डासांच्या घोंगावत्या ढगात ओल्या शेवाळावर गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून दोघं पुढे सरकत राहिली, आणि २१ ऑगस्ट १९५४ रोजी ‘झार्नित्सा’ नळी सापडली. पुढच्याच वर्षी १३ जूनला युरी खाबार्दिनने ‘मीर’ शोधली आणि शांतीची चिलीम पेटवल्याच्या सांकेतिक भाषेत वायरलेसवरून बातमी कळवली. १९५७ साली हिऱ्यांच्या शोधासाठी लेनिन पारितोषिकं वाटली गेली. त्या यादीत पोपुगायेवा नव्हत्या, सार्सादस्किखही नव्हत्या. हा अन्याय नंतरच्या मानपत्रांनी भरून निघालेला नाही.

मीरची उघडी खाण २००१ मध्ये बंद झाली. काम जमिनीखाली सुरू राहिलं, पण ऑगस्ट २०१७ मध्ये खाणीत पाणी घुसलं आणि आठ कामगार परत आले नाहीत. अलरोसा कंपनी आज उदाचनी, आयखाल अशा दुसऱ्या ठिकाणांहून हिरे काढते. जगातल्या कच्च्या हिऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा तिचा असतो. कंपनीत साखा प्रजासत्ताकाची मालकी २५ टक्के आहे आणि खाणींच्या आसपासच्या जिल्ह्यांची मिळून ८ टक्के. सोव्हिएत संघ मोडताना इथल्या पुढाऱ्यांनी मॉस्कोशी भांडून हा वाटा मिळवला. यसाकच्या काळाशी तुलना केली तर ही मोठी मजल आहे. हे हिरे पुढे आपल्याकडे येतात: पैलू सुरतेत पडतात आणि सौदे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होतात. २०२४ पासून जी-सेव्हन देशांनी रशियन हिरे, अगदी तिसऱ्या देशात पैलू पाडून आलेले असले तरी, आपल्या बाजारात घ्यायचं बंद केलं, त्याचा धक्का मिरनीइतकाच सुरतेच्या घरोघरी बसला. तेलातही आपला पैसा गुंतलेला आहे. याकुतियाच्या नैर्ऋत्येकडच्या तास-युर्याख तेलक्षेत्रात इंडियन ऑइल, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांचा मिळून २९.९ टक्के हिस्सा आहे.

मिरनीहून याकुत्स्कला परतलो आणि गाई बघायला लेना ओलांडली. याकुत्स्कला अजून पूल नाही. हिवाळ्यात नदीच्या बर्फावरून ट्रक जातात, उन्हाळ्यात फेरीबोट, आणि नदी गोठते किंवा फुटते त्या आठवड्यांत हॉवरक्राफ्ट किंवा थांबून राहणं. पात्र इतकं रुंद की पलीकडचा किनारा ही बराच वेळ नुसती हिरवट रेघच राहते. पलीकडे निझ्नी बेस्त्याख. तिथून मगदानकडे जाणारा कोलिमा महामार्ग सुरू होतो, जो स्तालिनच्या काळात छळछावण्यांतल्या कैद्यांनी बांधला. किती जण बांधताना मेले त्याची मोजदाद झाली नाही. धुळीने भरलेल्या या रस्त्याने आम्ही चुरापचाला पोचलो. सोबत दुभाषा म्हणून याकुत्स्कच्या विद्यापीठातला एक मुलगा होता. उतरायचं त्याच्याच आजीकडे. साखा भाषेत आजीला एबे म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

लार्च वृक्षांच्या जंगलात मधूनच गोल, उथळ खळगे लागतात. मध्ये तळं, भोवती गुडघाभर गवत. याला इथे ‘अलास’ म्हणतात. जमिनीतला बर्फ हजारो वर्षांपूर्वी वितळला, वरची माती खाली बसली, पाणी साचलं, कडेने कुरण झालं. साखांची सगळी संस्कृती या खळग्यांच्या काठाने वसली. वाड्यावस्त्या, विवाहसंबंध, गाणी, जूनमधला इस्याख हा उन्हाळ्याचा सण, घोडीच्या दुधाचं कुमिस, सगळं अलासच्या आधाराने. जुन्या घराला बालागान म्हणत: आत कललेल्या लाकडी भिंती, त्यांवर माती आणि शेणाचा जाड लेप, आणि घराला लागूनच गोठा. त्या लेपावर मी हात फिरवला, तेव्हा कोकणातल्या सारवलेल्या पडवीचीच खरखर हाताला लागली.

एबेने आम्हाला तळघर दाखवलं. बुलूस म्हणतात त्याला. अंगणातली लाकडी झडप उचलली आणि शिडीने खाली उतरलो. वर उकाड्याने शर्ट अंगाला चिकटत होता. खाली चार पायऱ्यांतच श्वासाची वाफ दिसू लागली. भिंतींवर बोटभर लांबीचे हिमकण, एका बाजूला मांस आणि मासे, दुसऱ्या बाजूला बर्फाचे निळसर चौकोनी ठोकळे. नोव्हेंबरमध्ये तळं गोठलं की करवतीने ठोकळे कापायचे आणि वसंतात ते खाली आणून रचायचे. हेच वर्षभराचं पिण्याचं पाणी. त्यातला एक तुकडा किटलीत टाकून एबेने दूध घातलेला चहा केला.

एक गाय हिवाळा काढायला साधारण दोन टन गवत खाते. हिवाळा सात-आठ महिन्यांचा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सगळं गाव कुरणात असतं. गुरांच्या अंगावर डास बसू नयेत म्हणून वाळलेल्या शेणाचा धूर करतात, आणि गाई आपणहून धुरात येऊन उभ्या राहतात. मूळची याकुत जातीची गाय बुटकी, दाट केसांची. दूध कमी पण थंडीला दाद न देणारी. सोव्हिएत राजवटीने जास्त दुधासाठी बाहेरच्या जातींशी तिचा संकर लावला, आणि शुद्ध जात आता उत्तरेकडच्या एवेनो-बितान्ताइस्की जिल्ह्यात आणि थोड्याच इतर ठिकाणी उरली आहे.

या भागातल्या माणसांनीही फार सोसलं. एदुआर्द पेकार्स्की हा राजकीय कैदी १८८१ मध्ये याच परिसरात हद्दपार होऊन आला. शेजाऱ्यांशी बोलता यावं म्हणून त्याने शब्द टिपायला सुरुवात केली आणि आयुष्यभर टिपतच राहिला. त्याच्या साखा कोशात सुमारे २५,००० शब्द आहेत; तो विज्ञान अकादमीने १९०७ ते १९३० या काळात छापला. आणि १९४२ साली, सलग दुष्काळांनी कुरणं जळालेली असताना, चुरापचा जिल्ह्यातल्या ४१ सामूहिक शेतांची माणसं युद्धासाठी मासे पकडायला उत्तरेकडे हलवली गेली. गाईवाल्यांना जाळं टाकता येत नव्हतं, राहायला घरं नव्हती. भुकेने आणि थंडीने माणसं मेली. एबेची आई तेव्हा लहान होती. ती परत आली, तिची दोन भावंडं आली नाहीत. हे सांगताना एबेने आवाज बदलला नाही, कोणाला दोषही दिला नाही. मला मात्र तो दोष द्यावासा वाटतो. ज्या हुकमाने हे घडलं, त्याला युद्धाचं निमित्त पुरेसं नाही.

आता संकट जमिनीतूनच येत आहे. चुरापचाची जुनी धावपट्टी मी पाहिली. सपाट असायला हवी तिथे छातीएवढे उंचवटे आणि मधल्या चरांत पाणी. खालच्या बर्फाच्या पाचरी वितळल्या की वरची माती अशी जाळीदार खचते. घरांचे कोपरे बसतात, कुंपणं वाकडी होतात, लोक घराखालच्या ओंडक्यांना जॅक लावून ती पुन्हा पुन्हा सरळ करतात. २०२१ च्या उन्हाळ्यात याकुतियात ऐंशी लाख हेक्टरांहून जास्त जंगल जळालं आणि धूर उत्तर ध्रुवापर्यंत गेला. जंगल गेलं की जमिनीवरची सावली जाते, आणि बर्फ आणखी वेगाने सुटतो. अलास हजारो वर्षांपूर्वी अशाच वितळण्यातून झाले होते, हे खरं. पण तेव्हा त्या जागी कोणाचं घर नव्हतं, आणि खचलेल्या जमिनीचं कुरण व्हायला जो काळ लागतो तो कुठल्याही गावाकडे नाही. हिऱ्यांच्या आणि तेलाच्या पैशातला ठळक वाटा या गावांची घरं हलवायला आणि कुरणं राखायला गेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. चारशे वर्षं इथून जे बाहेर गेलं, त्याच्या मानाने ही मागणी लहान आहे.

“तुमच्याकडे गाई किती महिने गोठ्यात असतात?” एबेने विचारलं. रात्री बांधतो, दिवसा बाराही महिने बाहेर चरतात, असं मी सांगितलं. तिने नातवाकडून दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाली, “म्हणजे गवत कापायचंच नाही?” मी म्हटलं, कापतो, उन्हाळ्यासाठी, आमच्याकडे उन्हाळ्यात गवत नसतं. यावर ती बराच वेळ हसली आणि शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं.

तिच्या मुलाचं कुरण गेल्या काही वर्षांत उंचसखल झालं आहे. ट्रॅक्टरचं पातं तिथे अडकतं, म्हणून तो हातविळ्याने कापत होता. मोठ्या दांड्याचा, कमरेतून वळून चालवायचा विळा. पुढच्या वर्षी तो लांबच्या एका अलासवर गवताचा हक्क मागणार आहे. तिथली जमीन अजून सपाट आहे, पण गवत घरी आणायला हिवाळ्यात वाट गोठेपर्यंत थांबावं लागेल.