कुणाच्या हाताखाली

एम.ए.चा निकाल लागला की मुलं माझ्याकडे येऊ लागतात. मानसशास्त्र जीव लावून वाचलेली, आणि पुढच्या पायरीशी अडलेली. एम.फिल. की पीएच.डी.? की समुपदेशनाचा डिप्लोमा करून लगेच कामाला लागू? विचारतात पदवीबद्दल; पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. दुःख घेऊन आलेल्या माणसासमोर न डगमगता बसता येईल, असं मला कोण घडवेल?

हा पेच जुना आहे. 1896 साली लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, ते एका शिक्षिकेने आणलेल्या मुलामुळे. पोराला काही केल्या शब्द बरोबर लिहिता येईनात. विटमर प्रयोगशाळेत तयार झालेले. पण या मुलाच्या उपयोगी पडत नसेल तर आपलं शास्त्र कशासाठी, असं त्यांना वाटलं. संशोधन आणि उपचार तेव्हा एकाच टेबलाशी बसले होते. 1949च्या बोल्डर परिषदेने अमेरिकेत तेच धोरण केलं: चिकित्सक हा आधी शास्त्रज्ञ हवा, आणि दोन्ही शिक्षण एकाच पीएच.डी.त मिळावं. 1973 साली व्हेलच्या परिषदेने उपचारालाच मुख्य काम मानणाऱ्या साय.डी.ची वाटही मान्य केली. तेव्हापासून तिथली मुलं या दोहोंत निवड करताहेत.

आपल्याकडची अडचण वेगळी. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं आणि तिच्या नोंदवहीत नाव लागतं. इतकी वर्षं त्याचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतरचं दोन वर्षांचं एम.फिल. जागा मूठभर, परीक्षा देशभरच्या, आणि काही ठिकाणची फी ऐकून घरचे गप्प होतात. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26च्या प्रवेशांपर्यंत सवलत मिळाली. दोन-तीन वर्षं एका परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला अर्ध्या वाटेवर सांगायचं की आता ही वाटच बदलतेय, हे मला फार लागतं. मनाच्या आजारांवर उपचार करणारी माणसं आधीच कमी असलेल्या देशात शिकू इच्छिणाऱ्यांना असं टांगून ठेवू नये.

माझं स्वतःचं शिक्षण झालं ते सरकारी रुग्णालयातल्या एका अरुंद खोलीत. टेबलावर बिने-कामत चाचणीची पेटी. बिनेची बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. समोर आठेक वर्षांचा मुलगा. मी आकडे म्हणत होते, तो माझ्यामागून म्हणत होता. चार आकड्यांपर्यंत खणखणीत, पाचव्याला आवाज खाली. मला शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या, मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलगा गेल्यावर त्यांनी गुण विचारलेच नाहीत. विचारलं, “अडला की तो कुणाकडे बघायचा?” दाराशी उभ्या असलेल्या आईकडे, मी म्हटलं. “आणि आई?” आई तेव्हा खाली बघायची. “हे आधी लिही,” बाई म्हणाल्या, “आकडे नंतर.” त्या रिपोर्टचा पहिला परिच्छेद आईबद्दल झाला, आणि पुढची कितीतरी सत्रं तिच्याबरोबरच झाली.

म्हणून पदवीचं नाव ऐकण्याआधी मी विचारते, तिथे कोपऱ्यात कोण बसेल? फॉर्म भरायच्या आधी त्या विभागात जाऊन या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाला न्या आणि विचारा: तुमची केस हिस्टरी कोण वाचतं? आठवड्यातून एकदा तरी कुणी तुमच्याबरोबर बसतं का? रुग्णाने आत्महत्येचं बोलून दाखवलं तर त्या संध्याकाळी फोन कुणाला करता? उत्तरं अडखळत आली तर चकचकीत माहितीपत्रकावर भाळू नका. नोंदवहीत नाव लागेल की नाही, हे मात्र परिषदेच्या यादीत स्वतः डोळ्यांनी पाहा.

पीएच.डी.कडे ओढा असलेल्यांना मी कधी मागे खेचत नाही. कामतांनी चिकाटीने मुलांमागून मुलं तपासली नसती, तर त्या अरुंद खोलीत माझ्या टेबलावर परक्या मुलांसाठी केलेली चाचणी असती. एखादा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याने त्याच्यामागे जावंच. फक्त, एम.फिल.ला जागा मिळाली नाही म्हणून पीएच.डी. करू नये. त्यात चार-पाच वर्षं जातात, आणि नुसत्या त्या पदवीने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही.

यंदा सोलापूरहून एक मुलगी आली होती. प्रवेश थोडक्यात हुकलेला. वडील म्हणत होते, मिळेल तो डिप्लोमा घे. तिला भीती एकच, वर्ष फुकट जाईल. मी तिच्यासमोरच एका विशेष मुलांच्या शाळेतल्या बाईंना फोन लावला. स्वतः वर्गात बसून शिकाऊ मुलांना तयार करणारी अशी माणसं फार थोडी उरली आहेत. बाईंनी तिला एवढंच विचारलं, कन्नड येतं का? तिच्या आजोळी कन्नडच बोलतात. “मग सोमवारी ये,” बाई म्हणाल्या, “दोन मुलं आहेत, त्यांच्याशी बोलणारं इथे कुणीच नाही.”