दारावरचं टाळं

जिमच्या दाराला साखळी, साखळीला टाळं आणि सोबत एक कागद: आज सराव नाही, सगळ्या खेळाडूंनी ग्रंथालयात यावं. २००५ सालच्या ‘कोच कार्टर’ चित्रपटातला सॅम्युएल जॅक्सन लक्षात राहतोच, पण मला त्याच्याइतकंच हे टाळं आठवतं.

टाळं म्हटलं की आपल्याला बंद पडलेली गिरणी आठवते, पोटावर आलेला पाय आठवतो. हे टाळं त्या जातीचं नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शाळेत केन कार्टर या बास्केटबॉल प्रशिक्षकानं ते खरोखरच ठोकलं, जानेवारी १९९९ मध्ये. तेव्हा त्याचा संघ ओळीनं १३ सामने जिंकून होता. हरणाऱ्या पोरांना कुणीही दम देतो. जिंकणाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायला छाती लागते.

मुलांनी करारावर सह्या केल्या होत्या. वर्गात पहिल्या रांगेत बसायचं, सामन्याच्या दिवशी कोट-टाय घालायचा, गुणांची सरासरी चारपैकी किमान २.३ ठेवायची. नियमानं खेळायला २.० पुरत होते. काहींना करारातली सरासरी राखता आली नाही. म्हणजे एवढं जड टाळं लटकलंय ते तीन दशांशांवर!

चित्रपटात गाव खवळतं. मुख्याध्यापिका म्हणतात, या मुलांच्या आयुष्यातला हाच सोन्याचा काळ ठरेल. कार्टर म्हणतो, दुखणं तेच आहे. टाळं मात्र ढिम्म. ना शिफारशीनं सैल होतं, ना शिव्यांनी. ज्यांचे गुण पुरेसे आहेत त्यांनाही ते आत सोडत नाही, आणि हे मला बराच काळ खुपत होतं. मग संघातल्या क्रूझचे जोर आठवले. संघात परतण्यासाठी त्याला हजारोंनी जोर मारायचे होते, ते संपेनात, तेव्हा बाकीच्यांनी जमिनीवर हात टेकून ते वाटून घेतले. जोर वाटून घेणाऱ्यांनी गणितातलं नापास होणंही वाटून घ्यायला हवं, एवढंच टाळ्याचं म्हणणं.

शेवटी शाळेचं मंडळ मतदान करून टाळं काढायला लावतं. नोकरी सोडायच्या तयारीनं कार्टर येतो. दार उघडं आहे. आत कोर्टावर बाकं मांडलेली, शिक्षक शेजारी, पोरं वहीत डोकं घालून बसलेली. चेंडूचा आवाज नाही. साखळी तोडता येते सर, त्यातला एक म्हणतो, पण आम्हाला खेळायला कोण लावणार?