सहल जनावरांच्या गावाला

परीक्षा संपून दोन दिवस होत नाहीत तोच घराघरांतून एकच पालुपद सुरू होतं, "आई, आपण कुठे जायचं?" पूर्वी याला ठरलेलं उत्तर असे, मामाच्या गावाला! तिथं गोठ्यात गाय-म्हैस असे, परड्यात कोंबड्या असत. आता बहुतेक मामाच गाव सोडून नोकरीसाठी शहरात आले आहेत. मग मुलांची सुट्टी जाते मोबाइलवर, नाहीतर मॉलमध्ये.

म्हणून मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला आमच्या देहूरोडहून सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी परतता येईल अशा काही सहली सांगणार आहे. सगळ्या प्राणी-पक्षी पाहायच्या! त्या साऱ्या मे महिन्यातच उरकायच्या नाहीत बरं का. प्रत्येकीचा आपला ऋतू आहे. वर्षभरात वाटून घेतल्या तर खर्चही झेपतो आणि आपलीही दमछाक होत नाही.

देहूरोड म्हणजे पुणे-लोणावळा लोकलचं एक स्टेशन. लष्कराची छावणी आणि डेपो, जुना पुणे-मुंबई रस्ता, एका अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला तळेगाव-चाकणचे. इथली मुलं भोंग्याच्या आवाजावर वाढलेली. मी जवळच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मागे चौथीच्या वर्गात विचारलं, "म्हशीच्या पिल्लाला काय म्हणतात?" एकानं हात वर करून सांगितलं, "छोटी म्हैस!" सारा वर्ग हसला, पण 'रेडकू' हा शब्द हसणाऱ्यांपैकीही कुणाला आला नाही. डायनोसॉरची दहा नावं मात्र घडाघडा पाठ! गाईचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू. हे शब्द फळ्यावर लिहून दिले, पण नुसते लिहून ते राहत नाहीत. ते डोळ्यांनी पाहावे लागतात.

घराजवळचंच आधी

पहिली सहल तर पैसेच न लागणारी. तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी देहूरोड, निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. आपण पादुकांना हात जोडतो, वारकऱ्यांना चहा-पोहे देतो. या वेळी मुलांना रथाची बैलजोडीही नीट पाहायला सांगा. एवढी गर्दी, टाळ-मृदंगांचा गजर, आणि बैल कसे शांतपणे पाऊल टाकतात! पुढं काटेवाडीला याच पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपल्या मेंढ्या पालखीच्या रथाभोवती पळवतात. बारामतीकडे तुमचं कुणी असेल तर तो दिवस साधून मुलांना अवश्य न्या.

मेंढ्या पाहायला एवढंही लांब जायला नको. पाऊस सरला की पूर्वेकडच्या कोरड्या भागातले धनगर कळप घेऊन आपल्या मावळात आणि खाली कोकणाकडे उतरतात. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी धनगरांना धान्य किंवा पैसे देतो. सकाळी लवकर गेलात तर त्यांचं बिऱ्हाड हलताना दिसेल. भांडी, अंथरुणं, कोंबड्यांचं खुराडं, नुकतं जन्मलेलं कोकरू, सारा संसार घोड्याच्या पाठीवर! आणि तो बांधणारी असते बाई. कुठली दोरी कुठं, कुठला गाठोडा वर, सगळं तिच्या हातात बसलेलं. घर बदलताना आपले काय हाल होतात ते आठवा, म्हणजे तिचं कौतुक वाटेल. जवळ जाण्याआधी मात्र हाक मारून विचारा. त्यांची कुत्री राखणीची असतात, लाडाची नव्हेत!

चाकणचा शनिवार

चाकण म्हटलं की आता मोटारींचे कारखाने आठवतात. पण दर शनिवारी तिथं आठवडे बाजार भरतो आणि जनावरांचा बाजारही. बैल, जर्सी गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, सगळं एका जागी. उन्हं चढायच्या आत पोचलं पाहिजे. पायांत बंद चपला किंवा बूट हवेत, कारण चिखल-शेण असणारच. नाक मुरडायचं नाही हे मुलांना घरूनच सांगून ठेवायचं.

मागच्या वर्षी आम्ही सासूबाईंना बरोबर घेतलं. त्यांचं माहेर जुन्नरकडचं, शेतकऱ्याचं. एरवी घरात त्या फारसं बोलत नाहीत. पण त्या मैदानात शिरल्या आणि जणू वीस वर्षांनी लहान झाल्या! बैलाचे दात पाहून वय कसं ओळखायचं ते त्यांनी नातवंडांना शिकवलं. दुधाचे दात असले तर आदत, दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की जुळलेला. बाजारातला एक दलालही कौतुकानं ऐकत उभा राहिला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आजीला तर सगळं येतं!" ज्या बाईला मोबाइल लावता येत नाही म्हणून आपण हसतो, तिच्याबद्दलचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. एका म्हाताऱ्याची गाय विकली गेली. पैसे मोजून झाले. त्यानं गाईच्या गळ्यातलं जुनं दावं सोडलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. नव्या धन्यानं आपली दोरी बांधली. गाय दोन पावलं गेली आणि मागं वळून हंबरली. म्हाताऱ्यानं तिकडं पाहिलंच नाही, तो दुसरीकडं तोंड करून तंबाखू मळत राहिला. मुलीनं विचारलं, "आजोबांना आवडत होती तर विकली का?" वैरणीचा भाव, पाऊस, घरचं लग्न, कर्ज, मला सुचेल ते मी सांगितलं. पण दूध पिशवीतून येतं एवढंच ठाऊक असलेल्या मुलीच्या मनात त्या दिवशी दुधामागचं माणूस आणि जनावर दोन्ही शिरलं.

कात्रज

आपल्या आयांच्या आठवणीतलं प्राणिसंग्रहालय म्हणजे पुण्याचं पेशवे पार्क. ते १९५३ साली सुरू झालं. १९५६ पासून धावणारी फुलराणी तिथलीच. प्राणी मात्र १९९९ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. त्याआधी, १९८६ मध्ये, तिथं नीलिमकुमार खैरे यांनी सर्पोद्यान उभं केलं होतं. हे तेच खैरे, जे १९८० साली पुण्यात बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले होते. सापांविषयीची लोकांची भीती जावी म्हणून केलेलं ते धाडस!

देहूरोडच्या लोकांना कात्रज सोपं आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता आपल्या दारातूनच सुरू होतो. निगडीहून बसही मिळते. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आवार जवळजवळ एकशे तीस एकरांचं आहे, तेव्हा सगळं एका दमात पाहायचा हट्ट नको. चार-पाच प्राणी ठरवा आणि प्रत्येकापाशी दहा-पंधरा मिनिटं थांबा. पहिली दोन मिनिटं मुलं कुरकुरतात. मग हळूहळू दिसायला लागतं, वाघ ठरावीक वाटेनंच फेऱ्या घालतो, हरणाचा कान माशी बसायच्या आधीच हलतो.

तिथं दरवेळी कुणी ना कुणी आरडाओरडा करतो, खडा मारतो, वेफर्स टाकतो. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना छेडणं किंवा खायला घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा आईचा शब्द मुलांना आधी कळतो.

तिकडं आणि इकडं

माझी चुलतजाऊ मेलबर्नला असते. तिचे फोटो आले की आमच्याकडे गर्दी होते. मुलं कांगारूला हातानं खाऊ घालताहेत, मेंढ्यांची लोकर कातरली जातेय. शहरातच यारा नदीच्या काठी ॲबट्सफर्डला मुलांसाठी १९७९ पासून एक शेत चालवलं आहे. शहरातल्या मुलांना गाय, शेळी, कोंबडी कळावी म्हणून! मी तिला म्हटलं, "अगं, तुमच्याकडे ते मुद्दाम उभारावं लागलं, आमच्याकडे ते अजून चाकणच्या रस्त्याला आहे."

पण तिची एक गोष्ट मला खरोखर आवडली. मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर फिलिप बेटावर रोज अंधार पडताना समुद्रातून वीतभर-दोन वीत उंचीचे छोटे पेंग्विन किनाऱ्यावर येतात आणि डुलत डुलत आपापल्या बिळाकडे जातात. शेकडो माणसं थंडीत गप्प बसून ते पाहतात. आणि फोटो काढायला सक्त मनाई! पक्षी बिचकतात म्हणून. जाऊ म्हणाली, "वहिनी, एकही फोटो नाही, पण मुलांना तेवढंच सगळ्यांत जास्त आठवतं." आपल्या सहलीत तासभर असा बिनफोटोचा ठेवून पाहा.

मोर आणि रोहित

शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली चाकण-शिक्रापूर रस्त्यानं गाठता येते. चिंचेची झाडं आणि मोकळेपणी हिंडणारे मोर, म्हणून हे नाव. मोर दिसतात ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी. भर दुपारी जाऊन "मोर कुठायत?" म्हणून रागावायचं नाही. गावात कृषी पर्यटनाची घरं आहेत. पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी, थंडीत हुरडा. जेवण तिथल्या बायाच करतात, तेव्हा आपल्या घरचा पैसा दुसऱ्या एका घराच्या चुलीला मिळतो. पावसाळ्याअखेरीस मोराची पिसं गळतात, तेव्हा गेलात तर मुलांना बिनपिसाऱ्याचा मोर दिसेल. तोही दाखवा! नवा पिसारा दरवर्षी फुटतो, हे त्यांना कुठं माहीत असतं?

शेवटची सहल जरा लांबची, पण सगळ्यांत सुंदर. भिगवण. पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं सुमारे शंभर किलोमीटर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. स्थानिक मच्छीमार आपल्या होडीतून पाणथळीत नेतात. पहाटे निघालात तर सकाळच्या उन्हात गुलाबी रांगा दिसतात. रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातलं बारीक खाद्य गाळतो आणि त्या खाद्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही इथं दिसतात. होडीवाल्या दादांना घाई करू नका. पक्ष्यांच्या किती जवळ जायचं हे त्यांना कळतं. पक्षी उडवून फोटो काढायचा आग्रह आपण धरायचा नाही.

होडीत बसल्यावर मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा येते या उजनीत. देहूच्या घाटावर आपण ज्या माशांना चुरमुरे टाकतो, त्यांच्या अंगावरून गेलेलं पाणीच पुढं या रोहितांच्या पायांशी पोचतं. इंद्रायणीवर फेस आल्याच्या, मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. कारखान्याचं सांडपाणी आपल्या हातात नसेल, पण निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी आणि मोरीत ओतलेलं उरलेलं तेल आपल्याच हातचं असतं. हे मी भिगवणला सांगितलं, त्यानंतर आमच्या घरी पुलावरून पिशवी टाकायला मुलंच कुणाला देत नाहीत.

थोडी तयारी

डब्याचा फार घाट घालू नका. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि केळी पुरे. पाण्याच्या बाटल्या घरून न्या. टोप्या, एक जुनी चादर, ओला रुमाल, आणि कचरा परत आणायला एक कापडी पिशवी. जमल्यास दुर्बीण मागून न्या. भिगवणला तिची गरज पडतेच. मुलांना एक वही द्या. काय पाहिलं ते घरी आल्यावर चार ओळींत लिहू दे, शुद्धलेखन मागाहून तपासता येतं!

आणि एक सांगते. सहलीला आपण बायका बहुतेक वेळा डबा, पाणी, स्वेटर आणि लहानग्याची शू यांतच अडकतो. सगळे वाघ बघत असतात आणि आपण चमचे मोजत असतो! आमच्या घरी आता ठरवून टाकलं आहे, डबा उघडायचं आणि आवरायचं काम ह्यांचं आणि मुलाचं. सुरुवातीला चटणी सांडली, पण जग बुडालं नाही. भिगवणला होडीत मी पहिल्यांदा मोकळे हात घेऊन बसले. पाण्यावर धुकं होतं. एका रोहितानं मान वर केली आणि मग हळूहळू साऱ्या थव्यानं. मुलीनं माझा हात दाबला. कुणीच काही बोललं नाही.

या हिवाळ्यात तुम्हीही जाऊन या. मात्र डबा कोण आवरणार ते घरून निघण्याआधीच ठरवा!